धाव: डनलॉप कंपनीची गोष्ट, शर्यतीच्या मैदानापासून ऊसगाडीपर्यंत



आजचा विषय आहे टायर आणि चाक, आणि शर्यतीतून जन्माला आलेली एक कंपनी. पण सुरुवात आपल्याकडच्या एका शब्दापासून करू. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी असते, तिला आपण काय म्हणतो? धाव. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर बसवलेले पुठ्ठे आणि त्या सगळ्यावर धाव. पळणं आणि चाकावरची पट्टी, दोन्हींना आपल्या भाषेत एकच शब्द आहे.

ही धाव बसवतात कशी, हे इथल्या ज्येष्ठांनी बघितलं असेल. लोहार धावेचं कडं चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवतो. मग ते गोवऱ्यांच्या जाळात लाल करतो. तापलं की लोखंड फुगतं, तेवढ्या वेळात ते चाकावर चढवायचं आणि वरून पाणी ओतायचं. निवताना कडं आकसतं आणि सगळं चाक करकचून आवळतं. म्हणजे धाव दोन कामं करते. रस्त्याचा मार खाते, आणि चाकाला एकत्र धरते. दुसरं काम डोळ्यांना दिसत नाही, पण धाव सैल झाली की चाक खुळखुळतं आणि मग ते कळतं.

आज आपण हे दुसरं कामच लक्षात ठेवणार आहोत. टायर रस्त्याला कसा भेटतो, हे सगळे बघतात. टायर चाकाला कसा भेटतो, त्या सांध्यावर डनलॉप ही कंपनी उभी राहिली. आणि ती कंपनी पुढे कशी विखुरली, यात आपल्या कोल्हापूरसारख्या गावाने विचार करावा असं बरंच काही आहे.

एका पशुवैद्याची गंमत

जॉन बॉइड डनलॉप हा मूळचा स्कॉटलंडचा, जन्म १८४०. धंद्याने जनावरांचा डॉक्टर. आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात त्याचा चांगला जम बसलेला होता. इंजिनियरिंगशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याच्या मुलाकडे तीन चाकांची सायकल होती आणि तिला त्या काळच्या रिवाजाप्रमाणे भरीव रबराचे टायर होते. बेलफास्टचे रस्ते दगडी फरशीचे. पोरगं सायकल चालवायचं आणि हाडं खिळखिळी व्हायची.

१८८७ च्या शेवटी डनलॉपने एक साधा प्रयोग केला. लाकडाची गोल चकती घेतली, तिच्या कडेवर रबराची पातळ नळी बसवली, वरून कापड गुंडाळून खिळ्यांनी पक्कं केलं आणि नळीत हवा भरली. मग अंगणात आधी सायकलचं भरीव टायरचं चाक ढकललं. ते थोडं गेलं, डगमगलं आणि पडलं. नंतर हवेची चकती तेवढ्याच जोराने ढकलली. ती अंगणाच्या टोकापर्यंत गेली, फाटकावर आपटली आणि उलटी उडाली.

इथे जरा थांबू, कारण हेच सगळ्याचं मूळ आहे. मऊ चाक जास्त लांब का गेलं? आपल्याला वाटतं की कडक गोष्ट सहज घरंगळते आणि मऊ गोष्ट रुतते. गुळगुळीत लोखंडी रुळावर ते खरंही आहे, म्हणून रेल्वेचं चाक लोखंडी असतं. पण रस्ता खडबडीत असला की हिशेब बदलतो. कडक चाकापुढे दगड आला की सगळी गाडी, माणसासकट, दगडाच्या उंचीएवढी वर उचलावी लागते. ते उचलण्यात पुढे जाण्याची ताकद खर्च होते, आणि खाली आदळताना ती हादऱ्यात वाया जाते. हवेचा टायर काय करतो? दगड पोटात घेतो. तेवढीच जागा दबते, गाडी जवळजवळ सरळच जाते, आणि दबलेली हवा पुढच्या क्षणी बरीचशी ताकद परत देते. डनलॉपला आराम हवा होता. आरामाबरोबर वेग फुकट मिळाला.

पेटंट मिळालं ७ डिसेंबर १८८८ ला. याच १८८८ साली आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचं दुकान सुरू केलं. किर्लोस्कर ब्रदर्स या नावाची सुरुवात तिथली. पुढे १९१० मध्ये ते कुंडलजवळच्या माळावर गेले आणि किर्लोस्करवाडी झाली. सायकल त्या काळी जगभर हुशार कारागिरांची शाळा होती. चाक, साखळी, बेअरिंग, पोलादी नळी हे सगळं एका स्वस्त यंत्रात शिकायला मिळायचं. राइट बंधूंचंही अमेरिकेत सायकलचंच दुकान होतं.

१८ मे १८८९

आता शर्यतीकडे येऊ. डनलॉपचे टायर जाड, फुगलेले आणि कापडात गुंडाळलेले. लोक हसायचे. खरा सायकलस्वार असल्या गादीवर बसेल का, असा सूर होता. बेलफास्टच्या एका सायकल क्लबचा कप्तान विली ह्यूम मात्र तयार झाला. १८ मे १८८९ रोजी बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडास्पर्धांत तो हे टायर लावून उतरला आणि चारही सायकल शर्यती जिंकला. थोड्याच दिवसांनी लिव्हरपूलला गेला, तिथेही एक सोडून सगळ्या जिंकल्या.

गंमत बघा, तारीख १८ मे. २०२३ साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने महाराष्ट्राचा बैलगाडा शर्यतीचा कायदा ग्राह्य धरला. २०१४ पासून आपल्याकडे या शर्यतींवर बंदी होती आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली होती. योगायोगच आहे, त्यात दुसरं काही शोधू नका. पण शर्यत बघणाऱ्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते, ती बेलफास्टलाही खरी ठरली. मैदानात सगळ्यांदेखत हरल्यावर वाद घालायला जागा उरत नाही.

ह्यूमकडून हरलेल्यांमध्ये डब्लिनच्या हार्वे दु क्रॉस नावाच्या व्यापाऱ्याची मुलं होती. दु क्रॉस आयर्लंडच्या सायकलस्वारांच्या संघटनेचा अध्यक्ष. स्वतः खेळाडू वृत्तीचा, व्यवहाराला पक्का. मुलं हरली म्हणून तो चिडला नाही, त्यांना हरवणारी वस्तू काय आहे ते बघायला गेला. त्याच वर्षी, म्हणजे १८८९ मध्ये, डब्लिनमध्ये कंपनी निघाली. पेटंट डनलॉपचं, धडाडी दु क्रॉसची. पुढे त्याने आपल्या मुलांनाच निरनिराळ्या देशांत धंदा उभा करायला पाठवलं. शर्यत हे कंपनीचं जाहिरातीचं साधन तर झालंच, पण कंपनी जन्मालाच शर्यतीतून आली होती.

पेटंट गेलं, सांधा राहिला

आणि लगेच पुढच्या वर्षी आभाळ कोसळलं. १८९० मध्ये कळलं की हवेच्या टायरचं पेटंट आधीच घेतलेलं आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या दुसऱ्या एका स्कॉटिश माणसाने १८४५ मध्येच ते घेतलं होतं. म्हणजे डनलॉप पाच वर्षांचा होता तेव्हा. थॉमसनने घोडागाडीला हवेची चाकं लावून लंडनच्या बागेत लोकांना दाखवलीही होती, आणि त्याच्या टायरचा एक संच १२०० मैल चालला होता. पण तेव्हा सायकल नव्हती, चांगलं पातळ रबर महाग होतं, आणि घोडागाडीवाल्याला एवढी गरज वाटली नाही. शोध लागला आणि विसरला गेला. डनलॉपला तो नव्याने लागला. कायद्याला त्याचं काही देणंघेणं नसतं. डनलॉपचं पेटंट निकामी झालं.

आता विचार करा. कंपनी एक वर्षाची. एकुलती एक मालमत्ता म्हणजे ते पेटंट, आणि ते गेलं. उद्यापासून कुणीही हवेचे टायर बनवू शकतो. कंपनी वाचली कशी?

उत्तर चाकाच्या कडेला आहे. डनलॉपचा मूळ टायर चाकाला चिकटवलेला आणि कापडाने गुंडाळलेला होता. पंक्चर झालं की सगळं उसवायचं, नळी काढायची, दुरुस्त करायची, पुन्हा चिकटवायचं आणि सोल्यूशन वाळायची वाट बघायची. शर्यतीत हे परवडणारं नव्हतं, आणि रोज कामाला जाणाऱ्यालाही नव्हतं. म्हणजे हवा भरायची कल्पना सोपी होती. कठीण होतं ते टायर चाकावर घट्ट बसवणं, आणि हवा तेव्हा सहज काढणं.

१८९० मध्येच दोन माणसांनी याची दोन उत्तरं काढली. चार्ल्स वेल्च या इंग्रजाने टायरच्या दोन्ही काठांत न ताणणारी तार घातली आणि रिमला मधोमध खोलगट आकार दिला. आपल्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला काय करतो, आठवा. टायरचा काठ एका बाजूला दाबून रिमच्या खोलगट भागात ढकलतो, म्हणजे समोरच्या बाजूला ढिलाई मिळते, मग पाना घालून काठ बाहेर काढतो. ती करामत वेल्चची. हवा भरली की तारेचे काठ रिमच्या कडेला दाबले जातात आणि टायर निसटत नाही. दुसरा बार्टलेट, मूळचा अमेरिकन, एडिंबरोच्या रबर कंपनीत होता. त्याच्या टायरचे काठ आकड्यासारखे, रिमच्या वळलेल्या कडेखाली अडकणारे. दु क्रॉसने ओळखलं की खरी किल्ली इथे आहे. कंपनीने ही दोन्ही पेटंटं मोठी रक्कम मोजून मिळवली. हवेवरचा हक्क गेला, सांध्यावरचा हक्क आला, आणि कंपनी पुन्हा पायांवर उभी राहिली.

सांध्याचं महत्त्व शर्यतीतही लगेच दिसलं, फक्त यावेळी डनलॉपच्या विरुद्ध. १८९१ मध्ये पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायची सुमारे १२०० किलोमीटरची सायकल शर्यत झाली. शार्ल तेराँ मिशेलिनच्या टायरवर, दुसरा मोठा स्पर्धक जील-लाव्हाल डनलॉपवर. मिशेलिन बंधूंनी नुकताच सुटा होणारा टायर काढला होता. पंक्चर झालं की बोल्ट सोडायचे, नळी बदलायची आणि निघायचं. तेराँ एकाहत्तर तासांपेक्षा थोड्या जास्त वेळात पहिला आला. रबर दोघांचंही चांगलं होतं. फरक होता तो चाकावरून सुटण्याचा.

हेच मिशेलिन १८९५ मध्ये मोटारीच्या शर्यतीत हवेचे टायर घेऊन उतरले. वाटेत इतकी पंक्चरं झाली की लोक हसले. पण दहा-बारा वर्षांत मोटारींना हवेचेच टायर लागले.

पैसा कुणाला मिळाला?

१८९६ मध्ये टेरा हूली नावाच्या सट्टेबाजाने ही कंपनी तीस लाख पौंडांना घेतली आणि थोड्याच काळात पन्नास लाख पौंडांना शेअर बाजारात लोकांना विकली. मधल्या मधे वीस लाख. कारखाना तोच, टायर तेच, कामगार तेच. हूली दोन वर्षांत दिवाळखोर झाला, ती गोष्ट वेगळी.

आणि डनलॉप? तो त्याआधीच बाजूला झाला होता. या प्रचंड उलाढालीतून त्याच्या वाट्याला फारसं काही आलं नाही. कंपनीकडे त्याचं नाव मात्र राहिलं, आणि चेहराही. जाहिरातीत त्याचं चित्र छापायचे, पण उंच टोपी घातलेला, हातात काठी, नटवा म्हातारा अशा थाटात. हा साधा, गंभीर माणूस. त्याने आपल्याच नावाच्या कंपनीविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि प्रकरण थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १९२१ मध्ये तो वारला.

वेग वाढला तसा

विसाव्या शतकात कंपनीने बर्मिंगहॅमला फोर्ट डनलॉप नावाचा अवाढव्य कारखाना उभा केला, मलायात रबराचे मळे घेतले आणि टायरच्या जोडीने चाकांचे कारखानेही चालवले. शर्यतीसाठी टायर आणि चाक दोन्ही एकाच घरात बनू लागलं. याचा उपयोग काय, ते दोन उदाहरणांनी बघू.

पहिलं उदाहरण २९ मार्च १९२७ चं. अमेरिकेतल्या डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावर हेन्री सीग्रेव्हने सनबीम मोटार ताशी २०३.७९ मैलांनी, म्हणजे सुमारे ३२८ किलोमीटर वेगाने चालवली. जमिनीवर ताशी २०० मैलांच्या पुढे जाणारा तो पहिला. टायर डनलॉपचे. एवढ्या वेगात टायरवर काय गुदरतं? चाकाची त्रिज्या सोयीसाठी अर्धा मीटर धरा. हिशेब केला तर टायरच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक कण आपल्या वजनाच्या जवळजवळ १७०० पट जोराने बाहेर फेकला जायला बघतो. हुपरीच्या भाषेत सांगायचं तर एक तोळा रबर वीस किलोच्या ओढीने चाकापासून सुटू पाहतं. अशा वेळी टायरवर रबर जितकं जास्त, तितका धोका जास्त. म्हणून या टायरवर रबराचा थर अगदी पातळ ठेवलेला होता आणि त्यांचं आयुष्य काही मिनिटांचंच होतं. जास्त टिकणारा टायर तिथे टिकलाच नसता.

दुसरं उदाहरण फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीचं. १९५३ मध्ये जॅग्वार कंपनीची सी-टाइप गाडी तिथे जिंकली, आणि त्या शर्यतीत पहिल्यांदाच सरासरी वेग ताशी १०० मैलांच्या वर गेला. या गाडीला डनलॉपचे डिस्क ब्रेक होते. वेग वाढवायला ब्रेक कशाला, असं वाटेल. पण वळणाआधी जो उशिरा ब्रेक लावू शकतो, तो सरळ रस्त्यावर जास्त वेळ पूर्ण वेगात राहतो. जुने ड्रम ब्रेक तापले की पकड सोडायचे, डिस्कला हवा लागायची आणि ती निवायची. पुढच्या वर्षी आलेल्या डी-टाइपला डनलॉपने हलक्या मिश्रधातूची चाकं दिली, त्यांना ब्रेकला वारा मिळावा म्हणून भोकं ठेवली. आणि चाक मधल्या एकाच मोठ्या नटावर बसवलं, म्हणजे हातोड्याच्या दोन-चार ठोक्यांत उतरतं. १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं डी-टाइप तिथे जिंकली.

चाक हलकं कशासाठी? स्प्रिंगच्या वर गाडीचं वजन असतं, खाली चाक, टायर, ब्रेक. खालचं वजन जितकं जास्त, तितकं खड्ड्यावरून उडालेलं चाक परत रस्त्याला टेकायला वेळ लागतो. आणि जो टायर हवेत आहे, त्याला पकड नाही. पकड मुळात असते किती जागेवर? एक टन वजनाची मोटार घ्या, टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो दाब धरा. एका चाकावर २५० किलो, म्हणजे रस्त्याला टेकलेली जागा साधारण १२५ चौरस सेंटिमीटर. आपला तळहात ठेवला तर झाकेल एवढी. चार तळहातांवर सगळी गाडी, आणि आतली माणसं. शर्यतीवाले काय, घाटातून आंब्याला जाणारे आपण काय, सगळ्यांचा भरवसा तेवढ्या जागेवर.

फॉर्म्युला वनमध्येही साठच्या दशकात डनलॉपचा मोठा दरारा होता. १९६९ मध्ये जॅकी स्टुअर्ट डनलॉपच्या टायरवर जगज्जेता झाला, आणि १९७० च्या हंगामानंतर कंपनी त्या खेळातून बाहेर पडली. तिथून पुढची गोष्ट उताराची आहे. पण त्याआधी आपल्या घरी येऊ.

रबराची धाव कोल्हापुरात

भारतात डनलॉपची कंपनी १९२६ मध्ये नोंदली गेली. १९३६ मध्ये हुगळीकाठी साहागंजला कारखाना सुरू झाला. मोटारी थोड्या, बैलगाड्या अमाप. लोखंडी धावेच्या अरुंद कडेखाली खडीचे रस्ते कापले जायचे. तेव्हा हवेच्या टायरची बैलगाडी पुढे आली. उत्तर हिंदुस्थानात अशा गाडीला नुसतं डनलॉप म्हणतात. आपण म्हणतो टायरगाडी.

बेलफास्टच्या अंगणातलाच हिशेब इथे लागू होतो. टायर दगड पोटात घेतो, बेअरिंगमुळे आख हलका फिरतो, बैलाला कमी ओढावं लागतं. मग बैलाचे कष्ट कमी झाले का? गळीत हंगामात कारखान्याच्या रस्त्याला उभं राहा आणि बघा. ऊस गाडीत मावेना म्हणून वर रचलेला असतो. मराठवाड्यातून आलेलं जोडपं पहाटे तोड करतं, गाडी भरतं आणि कारखान्याच्या अड्ड्यात रांग धरतं. मोबदला टनावर आहे. उचल फेडायची आहे. टायरगाडीही बऱ्याचदा त्यांची स्वतःची नसते, तिचं भाडं कापलं जातं. अशा वेळी ओढायला सोपी झालेली गाडी रिकामी कोण ठेवील? वाचलेली ताकद आणखी उसाने भरून निघते. १९६५ चे केंद्राचे जनावरांच्या ओझ्याचे नियमही हवेच्या टायरच्या गाडीला साध्या गाडीपेक्षा जास्त वजनाची मुभा देतात. सपाटीला हे खपून जातं. उताराला मात्र त्या गाडीला ब्रेक बैलाच्या मानेचाच. ल मांला डिस्क ब्रेक का लागले, ते आपण आत्ताच बघितलं. वेग आणि वजन वाढवणाऱ्याने थांबण्याची सोय आधी करायची असते. साहागंजच्या टायरने बैलाचं ओझं हलकं केलं, हे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने खरं आहे. फायदा कुणाच्या पदरात पडला, हे मजुरीच्या दराने ठरवलं.

नाव कुठे गेलं?

आता शेवट. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचं पेटंट घेतलं. त्यात पट्ट्यांची मांडणी वेगळी, घर्षणाने तापणं कमी, आयुष्य बरंच जास्त. डनलॉपसह जुन्या कंपन्यांचे कारखाने जुन्या पद्धतीच्या यंत्रांनी भरलेले होते, त्यांना वळायला उशीर झाला. जो टायर जास्त टिकतो तो कमी विकला जातो, म्हणजे बाजारही आकसला. १९७१ मध्ये डनलॉपने इटलीच्या पिरेलीशी घरोबा केला, दहा वर्षांत तो मोडला. १९८५ मध्ये ब्रिटनमधली मूळ कंपनी दुसऱ्या उद्योगसमूहाने गिळली.

टायरचा धंदा कुणी घेतला? जपानच्या सुमितोमोने. या जपानी कंपनीचा उगम काय, तर डनलॉपनेच १९०९ मध्ये कोबे शहरात काढलेला कारखाना. तो हळूहळू जपानी भागीदारांच्या ताब्यात गेला. त्यांनी टायर बनवण्याची विद्या आत्मसात केली, स्वतःची केली, आणि लेकीने आईचं घर विकत घेतलं. २०२५ मध्ये तर युरोप आणि अमेरिकेतले डनलॉप नावाचे हक्कही त्यांनी गुडइयरकडून मिळवले.

आपल्या साहागंजचं काय झालं? ऐंशीच्या दशकापासून मालक बदलत गेले, कारखाना बंद पडायचा आणि उघडायचा. २०११ मध्ये काम थांबलं ते थांबलंच. एकाच आईच्या दोन लेकी. एकीकडे विद्या मुरली, दुसरीकडे नुसतं नाव हातोहात फिरलं. साहागंजच्या कामगारांचे हात काही कमी कुशल नव्हते.

हे आम्ही कोल्हापुरात का सांगतोय? शिवाजी उद्यमनगरात आणि आसपासच्या एमआयडीसींत काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या फाउंड्र्यांत हब ओतले जातात, ब्रेकचे ड्रम ओतले जातात, इंजिनाचे भाग होतात. गाडीवर नाव दुसऱ्याचं असतं. आता विजेच्या गाड्या येतायत. त्यांना सिलिंडर हेड लागत नाही. पण चाक लागतं, हब लागतो, ब्रेक लागतो. आपल्याकडे कार्टिंगचा ट्रॅक आहे, इथला कृष्णराज महाडिक ब्रिटनमध्ये फॉर्म्युला थ्रीची गाडी चालवून आला. म्हणजे वेगाची हौस आहे आणि धातू ओतणारे हातही आहेत. मधला सांधा बसवायचा राहिलाय. दुसऱ्याच्या ड्रॉइंगप्रमाणे माल देणं आणि ते ड्रॉइंग असंच का आहे हे समजून ते सुधारणं, यातलं अंतर म्हणजे साहागंज आणि कोबे यांच्यातलं अंतर. वेल्चने काय केलं? टायरच्या काठात एक तार घातली. पण ती कुठे घालायची हे त्याला कळलं होतं, आणि ते त्याने कागदावर नोंदवून ठेवलं.

दोन-तीन प्रश्न घेऊ.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: सर, आमच्या घरी पूर्वी डनलॉपची गादी होती. ती याच कंपनीची का?*

होय, मूळ तिथलंच. १९२९ मध्ये फोर्ट डनलॉपच्या प्रयोगशाळेत रबराच्या चिकाचा फेस करून तो साच्यात घट्ट करण्याची पद्धत निघाली. डनलॉपिलो ते हेच. टायरसाठी रबर होतंच, त्यातून उशा-गाद्या झाल्या. पुढे नाव इतकं रुळलं की आपण कुठल्याही फोमच्या गादीला डनलॉप म्हणायला लागलो.

*प्रश्न: ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूबच नाही, मग हवा धरून कोण ठेवतं?*

चांगला प्रश्न. टायरच्या आत हवा न झिरपू देणाऱ्या रबराचा अस्तरासारखा थर असतो. पण हवा खरी अडवतो तो टायरचा काठ. काठातली तार त्याला ताणू देत नाही, आतली हवा त्याला रिमच्या कडेवर दाबते, आणि दाब जितका, तितका सांधा घट्ट. म्हणून खड्ड्यात आपटून रिमची कड वाकली की टायर धडधाकट असूनही हवा जाते. पंक्चरवाला टायर पाण्यात बुडवून बघतो आणि बुडबुडे काठाशी येतात, ते यामुळे.

*प्रश्न: टायरगाडीला ब्रेक बसवणं अवघड आहे का?*

यंत्र म्हणून मुळीच अवघड नाही. चाकाला हब आहे, हबवर ड्रम बसतो, गाडीवानाजवळ एक दांडा द्यायचा. आपल्या बंगळुरूच्या आयआयएममधले एन. एस. रामस्वामी यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात बैलगाडी सुधारण्यासाठी खूप खटपट केली, जू आणि ब्रेक दोन्हींचा विचार मांडला. अडचण खर्च कुणी करायचा ही आहे. गाडी ज्याची आहे तो ती ओढत नाही, आणि जो ओढतो त्याची ती नाही. या सभागृहात कारखान्याशी संबंधित मंडळी असतील, उद्यमनगरातली तर नक्कीच आहेत. दोघांनी एकत्र बसून एका हंगामात दहा गाड्यांवर ब्रेक लावून बघावेत, एवढंच सुचवतो आणि थांबतो.